अक्षता खाल्लेला कॉम्प्युटर

माझी मुलगी कहकशा कुणालाच "जमणार नाही" म्हणत नाही, ही काळजी माझ्या मनातून जात नाही. तेवीस वर्षांची झाली, पण पुढ्यात काहीही बिघडलेलं ठेवा, तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, "होईल." तो शब्द पाळायला मग ती जेवण विसरते. एक दिवस खरंच होणार नाही, तेव्हा हिचं काय होईल, हा विचार भाकरी थापतानाही माझी पाठ सोडत नाही.

सहावीत असताना तिने भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. कोणता स्क्रू कुठला हे कळावं म्हणून वहीच्या पानावर घड्याळाचं चित्र काढून त्या त्या जागी तो तो स्क्रू मांडला होता. मी घाईत ते पान उचलून झटकलं. ती रडली नाही. खाली बसून एकेक स्क्रू वेचला आणि दुसरं चित्र काढायला घेतलं. पुढे धुळ्यातच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, पण नोकरीचं नाव काढेना. घराच्या ओट्यावर लोकांचे मिक्सर आणि प्रिंटर उघडून बसायची. मला ते बघवत नव्हतं. बी.ए.ला माझ्या बाकावर बसणारी पुनम आता जळगावात एका खासगी शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेत कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी हवी होती. ती जागा मी तिला कहकशासाठी धरून ठेवायला सांगितली.

त्याच सुमारास शेहजादभाईंच्या कारखान्यात अडचण आली. असलम, म्हणजे माझे मिस्टर, वीस वर्षं त्यांचे माग दुरुस्त करतात. साडीच्या काठावर कुयरी काढायची की मोर, हे मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे सांगतात, आणि ती भोकं पाडायचं एक मशीन शेहजादभाईंकडे आहे. मशीन धडधाकट होतं. ते चालवणारा तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर मात्र मेला होता. मशीनपासून आलेली वायर ज्या लांबट सर्किट कार्डाला जोडतात, ते बसवायला आजच्या कॉम्प्युटरात जागाच नसते. शेहजादभाईंनी मशीन भंगारात द्यायचं ठरवलं.

कहकशा अब्बांचा डबा घेऊन तिथे गेली होती. म्हणाली, "होईल. त्याच वयाचा दुसरा कॉम्प्युटर शोधते."

शेहजादभाई हसले. "बेटा, म्हाताऱ्याच्या जागी म्हाताराच आणणार? बरं, पंधरा दिवस दिले."

संध्याकाळी घरी असलमनी आपली अट घातली. झालं, तर ओट्यावर दुकानाची पाटी ते स्वतः ठोकतील. नाही झालं, तर पुनमबाईंच्या शाळेत मुकाट्याने जायचं. कहकशा बरं म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या नकळत पुनमला पक्कं सांगून टाकलं: पोरगी येतेय, राहायला खोली बघून ठेव.

चार दिवस तिने फोन करकरून भंगारवाले आणि जुने सायबर कॅफे पालथे घातले. शेवटी शिंदखेड्याला प्रेमराज आबांचा पत्ता लागला. त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. एकटी जाऊ नये म्हणून मीही एसटीत बसले. कॉम्प्युटर कोपऱ्यात स्टुलावर होता, पांढऱ्याचा पिवळा झालेला. पंधरा वर्षांत कुणी चालू केला नव्हता, पण कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक ताजं होतं. खंडेनवमीला आबा छपाईच्या मशीनबरोबर त्याचीही पूजा करत. देताना त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि कहकशाला आपल्या अहिराणीत म्हणाले, "बेटी, याले भंगार नको म्हणू. यानावर मना दोन पोरीस्नं लगीन व्हयनं."

घरी आणून तिने तो उघडला. फ्लॉपीची फट तांदळांनी गच्च भरलेली. हळदीकुंकू आणि तेलाचा थर आत रुळांवर बसून दगड झाला होता. तिने आबांना फोन लावला. ते अगदी सहज म्हणाले, "मशीनले जठून कागद देतस, तठेच अक्षता टाकतस. याले तेच तोंड दिसनं. जो पोट भरस त्याले घास नको का?"

कहकशा इतकी हसली की मलाही हसू आवरेना. मग तिने चिमट्याने एकेक दाणा काढून स्वच्छ कागदात ठेवला आणि पुडी बांधून कपाटात ठेवली. आबांची पूजा कचऱ्यात कशी टाकायची, म्हणाली.

ती फ्लॉपी ड्राइव्ह कामातून गेली होती. हार्ड डिस्कही चालू केली की नुसती टकटक करायची. शेहजादभाईंचं पुठ्ठ्यांचं सॉफ्टवेअर फ्लॉप्यांवर होतं, म्हणजे दोन्ही ड्राइव्ह बदलणं आलं. फ्लॉपी ड्राइव्ह साक्रीच्या एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून मिळाली. हार्ड डिस्कच्या जागी तिने जळगावच्या एका फोटोग्राफरकडून जुन्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आणलं आणि ते बसवायला छोटा जोड पोस्टाने मागवला. काडेपेटीएवढं कार्ड विटेएवढ्या डिस्कचं काम करेल, हे मला पटेना.

कॉम्प्युटरलाही पटलं नाही. तो ते कार्ड ओळखेना. त्या काळच्या कॉम्प्युटरला डिस्कचं माप हाताने सांगावं लागतं, असं तिने वाचून काढलं. सांगितलं, तर ओळखलं. बंद करून पुन्हा लावला, तर पार विसरला. आतली बॅटरी संपलेली होती. तिने ती काढून नवीन बॅटरी वायरींनी बाहेर टांगली. मग आठवण राहू लागली.

तेरावा दिवस उजाडला, तरी फ्लॉपी वाचेना. ड्राइव्ह साफ करून झाली, फ्लॉप्या बदलून झाल्या. कहकशा पहिल्यांदाच हातातलं काम टाकून भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, आलाच तो दिवस. तिला चहा द्यायला गेले आणि जे दिसलं ते बोलले. "अगं, फ्लॉपीच्या फटीजवळचा तो हिरवा दिवा मघापासून विझतच नाही. बंद कर, जळेल काहीतरी."

ती माझ्याकडे वळली. "विझत नाही?"

"चालू केल्यापासून एकदाही नाही. माझं लक्ष त्याच्यावरच आहे."

ती उठली, कॉम्प्युटर बंद केला, ड्राइव्हमागची चपटी केबल काढली आणि उलटी करून लावली. चालू केल्यावर दिवा लागला, विझला. फ्लॉपी घालून वाचायला सांगितल्यावर पुन्हा लागला आणि आतून घरघर आली. काळ्या पडद्यावर एकाखाली एक नावं उमटत गेली: कुयरी, मोर, आणखी कितीतरी.

"अम्मी, केबल उलटी होती. तुझं घाबरणं कामाला आलं बघ," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत माझ्या घाबरण्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी रिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. लांबट कार्ड त्यात बसवलं, मशीनची वायर जोडली. शेहजादभाई हात मागे बांधून उभे. कामगार माग सोडून भोवती जमले. कहकशाने एक बटण दाबलं. मशीनने एक गचका खाल्ला आणि खटाखट, खटाखट सुरू झालं. पहिला पुठ्ठा बाहेर पडला. असलमनी तो उचलला, डोळे मिटले आणि भोकांवरून बोटं फिरवली. वीस वर्षं ते पुठ्ठा असाच तपासतात. दोनदा फिरवली.

"तीन नंबरचा माग रिकामा करा," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्या मागावर नव्या कुयरीचा काठ उतरला. शेहजादभाईंनी ते कापड हातात धरून सगळ्या कारखान्यात मिरवलं. म्हाताऱ्याने म्हाताऱ्याला उठवलं, असं जो भेटेल त्याला सांगत होते. मालेगावच्या एका कारखानदाराकडेही तसंच मशीन बंद पडून आहे. त्याने कहकशाला बोलावलंय. ती काय म्हणाली, ते सांगायला नको. आज दुपारी असलमनी ओट्यावर पाटी ठोकली. जराशी वाकडी बसली, पण कहकशाने ती सरळ करू दिली नाही. अक्षतांची पुडी घेऊन ती शनिवारी शिंदखेड्याला जाणार आहे.

सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे, कारण एक गोष्ट अजून कुणाला माहीत नाही. जळगावात पुनमने एका बाईकडे खोली ठरवली आहे. उद्या सकाळी ती संस्थेला नावं कळवणार, आणि त्यात कहकशाचं नाव आहे. मुलगी हरेल असं धरूनच मी ते दिलं होतं, हे पुनमला सांगायला लाज वाटते. कहकशाला सांगायला त्याहून जास्त. पण दुसऱ्या कुणा मुलीला ती जागा हवी असेल. आधी पुनमला सांगते, सकाळी चहाच्या वेळी कहकशाला. पुनम पेपर तपासत उशिरापर्यंत जागी असते. लगेच फोन लावते.