डाव्या गालाला एक, उजव्याला दुसरी

तेवीस वर्षांची असताना माझ्याकडे मुरमांच्या दोन ट्यूब होत्या. एक ॲडापलीन, माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. दुसरी ट्रेटिनॉइन, मैत्रिणीचा चेहरा साफ झाल्यावर उरलेली; ती तिनं मला दिली. कोणती चांगली यावर आमचं एकमत होईना, म्हणून मी डाव्या गालाला ॲडापलीन आणि उजव्याला ट्रेटिनॉइन लावू लागले. बी.एस्सी. झालेली असल्यामुळे प्रयोग कसा करतात ते मला माहीत होतं.

दहा दिवसांत डावा गाल जरा कोरडा पडला. उजवा लाल होऊन सोलायला लागला. मुरमं दोन्हीकडे वाढली. नालवाडीतल्या आमच्या स्टेशनरीच्या दुकानात मी बसायचे. गिऱ्हाइकाला डावीच बाजू दिसावी म्हणून खुर्ची फिरवून घेतली.

"भिंतीकडे तोंड करून काऊन बसली?" बाबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही गाल नीट पाहिले आणि शटर ओढलं. "चाल, सावंगीच्या दवाखान्यात जाऊ."

तिथल्या डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. "दोन्ही औषधं एकाच घराण्यातली," त्या म्हणाल्या. "ट्रेटिनॉइननं आग जास्त होते, ॲडापलीन सौम्य. पण फरक दिसायला तीन महिने लागतात. किती लावता?"

मी बोटाचं पेर दाखवलं.

"गालाला एवढी? पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढी पुरते."

उजवीकडचं बंद झालं. त्वचा शांत झाली की फक्त ॲडापलीन, तीही एक दिवसाआड रात्री; दिवसा सनस्क्रीन.

उठता उठता बाबा म्हणाले, "मॅडम, जुन्या खड्ड्यांवर चालते का हे?"

बाबांच्या गालांवर खड्डे होते. मी ते लहानपणापासून पाहत आले होते. ते मुरमांचे असतील हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"किती जुने, काका?"

"लग्नाच्या आधीचे."

"क्रीमनं फारसे नाही जाणार. लेझर वगैरे असतं."

"नाई, राहू द्या. विचारून पाह्यलं."

परत येताना गाडीवर मी विचारलं, "तुम्ही तेव्हा काय लावत होते, बाबा?"

"मुलतानी माती. वर्षभर."

"मग?"

"मग तुह्या आईनं पसंत केलं. सोडून देल्ली."

चौथ्या महिन्यात माझे दोन्ही गाल सारखे झाले. मैत्रिणीची ट्यूब मी तिला परत दिली. तिनं ती बहिणीला दिली.