सोअर नदीतला राजा

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये जन्मलेलं माणूस हाकेवरून कळतं. बसचा ड्रायव्हर असो की न्यायाधीश, ग्लेनिस ऑर्टन सगळ्यांना 'बदका' नाहीतर 'बदके' म्हणायची. जुन्या लेस्टरकरांची तीच रीत. तरुलता मिस्त्री एकोणिसाव्या वर्षी, युगांडाने भारतीयांना हाकललं तेव्हा, नेसत्या वस्त्रानिशी इथे आली. मोज्यांच्या कारखान्यात तिच्या कानावर पहिली मायेची हाक पडली ती हीच, "अगं बदके, मोज्याची बोटं बंद करायचीत, गळा आवळायचा नाहीये!"

टाका न् टाका मोजून सुयांवर चढवायला ग्लेनिसनेच तिला शिकवलं. तिच्या डब्यातल्या तिखट ढेबऱ्याचा, बाजरीच्या गुजराती पोळीचा, तुकडा मागून खाल्ला, आणि "पोटात कोळसे टाकलेस गं" म्हणत दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे केला.

कारखाना बंद पडला तेव्हा ग्लेनिस पन्नाशी ओलांडून गेली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाई काय करणार? तिने गाव दाखवायचा परवाना काढला. परीक्षा दिली, हिरवा कोट घेतला आणि दर रविवारी अकरा वाजता घंटाघरापाशी उभी राहू लागली. पाच-सात वर्षांनी तरुलतालाही तिने त्यात ओढलं. हातात कागद धरायचा नाही हा वाटाड्यांचा नियम, आणि ग्लेनिसला कागद लागायचाच नाही. बाजारातल्या बटाटेवाल्याची आरोळी, जुन्या सभागृहाची तिरकी जमीन, रोमन लोकांची भिंत, सगळं तिच्या जिभेवर. गावाच्या चुकाही ती पदराखाली घालत नसे. "बहात्तर साली आमच्या पालिकेनं युगांडात जाहिरात दिली, इकडे येऊ नका म्हणून," ती सांगायची. मग रांगेच्या टोकाला उभ्या तरुलताकडे बोट दाखवायची, "ही बघा, तरी आली. म्हणून आज तुम्हाला बरं खायला मिळतंय."

राजा रिचर्डची गोष्ट मात्र सगळ्याच वाटाड्यांना पुन्हा शिकावी लागली होती. पाचशे वर्षांपूर्वी लढाईत पडलेल्या त्या राजाची हाडं लोकांनी सोअर नदीत फेकली, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. पुलाजवळ तशी पाटीसुद्धा. आणि एक दिवस राजा निघाला गाड्या लावायच्या जागेखाली! मग त्याला थाटामाटात कॅथीड्रलमध्ये पुरलं. ग्लेनिस तेव्हा खदाखदा हसली होती. "इतकी वर्षं थापा मारल्या मी. पैसे परत मागू नका, बदकांनो."

यंदाच्या जूनमध्ये, त्याच कॅथीड्रलमध्ये, राजाच्या दगडी कबरीला पाठ टेकवून ग्लेनिस म्हणाली, "आणि त्याची हाडं दिली नदीत फेकून. आज त्याचं काही म्हणजे काही उरलेलं नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. एक टकला गृहस्थ म्हणाला, "मग तुमच्या मागे कोण झोपलंय?"

ग्लेनिसने मागे वळून पाहिलं. तरुलताने तिचा चेहरा पाहिला. परक्याच्या घरात शिरलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"असंच सांगायचो हो आम्ही, कितीतरी वर्षं!" तरुलता घाईने पुढे झाली. "मग काय सापडलं ते मी सांगते." तिने उरलेली गोष्ट पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोडीने सांगायची पद्धत त्यांना आवडली.

तेव्हापासून दर रविवारी हेच नाटक. ग्लेनिस राजाला नदीत टाकायची, तरुलता बाहेर काढायची. एकदा तरुलताने दवाखान्याचा विषय काढून पाहिला. ग्लेनिस फणकारली, "जाऊन आले मी. ती डॉक्टर पोरगी मला आजचा वार विचारते! रविवार कुठला एवढं कळतं मला. तेवढं पुरे."

ऑक्टोबरात परवान्यांची वर्षाची तपासणी आली. वाटाड्यांच्या संघटनेचा चिटणीस क्लाइव्ह फ्रीअर स्वतः सोबत चालणार होता. सज्जन माणूस, पण नियमाला पक्का. आदल्या दिवशी तरुलता ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात बसून उजळणी घेत होती.

"राजा कुठे आहे, ग्लेनिस?"

"कॅथीड्रलमध्ये. सुया कुणी हातात दिल्या तुझ्या? आणि मलाच शिकवायला निघालीस!"

तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बरोबर. तिसऱ्यांदा ग्लेनिसने चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला. "रविवार काढून घेतला ना तारू, तर सोमवारी मी उठायचं कशाला?"

तरुलताने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

सकाळी घंटाघरापाशी क्लाइव्हने तरुलताला बाजूला घेतलं. "आज तुम्ही फक्त शेवटी चालायचं. एक शब्द नाही. नाहीतर मला दोघींचेही परवाने रद्द करावे लागतील."

"पण तिला सवय आहे माझी—"

"तेच तर बघायचंय मला."

बाजार छान झाला. सभागृहात लोक पोट धरधरून हसले. तरुलताच्या जिवात जीव आला. मग कॅथीड्रलचं दार आलं. ग्लेनिस थांबलीच नाही. दारावरून सरळ पुढे निघाली, रोमन भिंतीकडे न बघताच रस्ता ओलांडून गेली. बारा माणसं तिच्यामागे, क्लाइव्ह त्यांच्यामागे, आणि सगळ्यांच्या शेवटी ओठ घट्ट मिटलेली तरुलता. ग्लेनिस नदीकडे निघालीय हे तिला पहिल्याच वळणावर कळलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं. क्लाइव्हने मागे वळून पाहिलं. तिने तोंड मिटलं.

पुलावर गाड्यांचा आवाज होता, तरी ग्लेनिसचा आवाज चढलेला नव्हता. घोड्यावर आडवा टाकलेला नागडा राजा, शिव्या देणारी गर्दी, कुदळी, आणि पाण्यात पडणारी हाडं. इतकी चांगली गोष्ट तिने आयुष्यात सांगितली नसेल. सगळे कठड्यावरून वाकून पाण्यात बघत राहिले. कुणी काही विचारलं नाही. क्लाइव्हने तपासणीच्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो चष्मा पुसत उभा राहिला.

लोक पांगले. क्लाइव्ह म्हणाला, "मिसेस ऑर्टन, पत्र पाठवतो मी." आणि मान खाली घालून निघून गेला.

ग्लेनिसने कठड्याला हात टेकले. जुन्या पाटीजवळ नंतर लावलेली दुरुस्तीची पाटी तिने वाचली. तिच्या मानेवर लाली चढत गेली.

"तारू," ती म्हणाली, "त्याला तर आपण कॅथीड्रलमध्ये नेलं होतं ना? तू आणि मी रांगेत उभ्या होतो. थंडी होती."

"हो."

"मग तू बोलली का नाहीस? दर वेळी बोलतेस की."

"मला मनाई केली होती गं."

"कुणी?"

तरुलताने सांगितलं. ग्लेनिसने ऐकून घेतलं, समजल्यासारखी मान हलवली. मग हिरव्या कोटाची बटणं नीट लावली आणि थोड्या वेळाने, जरा घाबरतच, पुन्हा विचारलं, "पण तू का नाही बोललीस?"