पडदा भिंतीला लावा

“दिवा तिच्या उजव्या हातात आहे,” सुलभाताई म्हणाल्या. “आणि जिना डावीकडे. तुम्ही अगदी उलट सांगताय.”

“नाही,” मी म्हणाले. “दिवा डाव्या हातात. जिना उजवीकडे. मी तो सिनेमा लहानपणी पुन्हा पुन्हा पाहिलाय.”

बोईसरजवळच्या एका कारखान्याच्या कॉलनीतलं सभागृह. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तिथल्या फिल्म क्लबची सभासद होते. सुलभाताई क्लबच्या अध्यक्ष, कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्या संध्याकाळचा विषय होता रहस्यपट. प्रत्येकाने आठवणीतला एक प्रसंग सांगायचा आणि प्रेक्षकाचा श्वास कसा रोखून धरला जातो ते उलगडून दाखवायचं. त्यावरून एकाचं नाव पुण्याच्या सिनेमा-अभ्यासाच्या वर्गासाठी जाणार होतं. महिनाभराचा वर्ग. मला तो हवा होता. क्लबच्या कपाटातली सिनेमावरची सगळी इंग्रजी पुस्तकं मी त्यासाठी वाचून काढली होती.

मी एक जुना हिंदी सिनेमा निवडला. अंधारं घर, एकटी बाई, हातात दिवा. तिच्या पाठीमागे जिन्यावरून उतरणारी पावलं. तिला ती दिसत नाहीत, आपल्याला दिसतात.

सुलभाताई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

“अच्छा. म्हणजे तुम्ही पडद्याच्या मागून पाहिलात.”

सभागृह हसलं.

मागून कुणीतरी म्हणालं, “मग हिरॉइनचा पदर उजव्या खांद्यावर असेल. गुजराती झाली की हो ती.” दुसरं कुणी म्हणालं, “आणि नावं कशी वाचत होता? आरसा धरून?”

पडद्यामागे कोण बसायचं, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. या भागातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. माझ्या आडनावावरून, माझ्या इंग्रजीवरून जे त्यांना कळलं नव्हतं, ते एका दिव्याने सांगून टाकलं.

मी खाली बसले.

नातवंडांनो, तुमच्यातली एक तिकडे परदेशी विद्यापीठात सिनेमा शिकते. परवा फोनवर तिने विचारलं, “आजी, तुला एवढं कळतं, मग तू का नाही शिकलीस?” फोनवर मी विषय बदलला. हे तिचं उत्तर आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण माझी आय जे बोलली ते इंग्रजीत बसत नाही.

मुंबईत चालून चालून जुना झालेला सिनेमा आधी पालघरला यायचा. तिथून सफाळे, एडवणकडचे तंबू फिरून, अंगावर रेघा आणि मधले तुकडे गळालेला, शेवटी आमच्या गावात पोचायचा. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरात तंबू उभा राही. मधोमध कापडी पडदा. पुढच्या बाजूला गाव. मागच्या बाजूला आमची वस्ती. आम्ही बौद्ध झालो होतो. तरी गावाच्या तोंडी आमचं जुनंच नाव होतं आणि तंबूत जुनीच जागा.

मागून सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, पदर उलटे, हात उलटे. आय म्हणायची, “शिनेमातली मान्सं डाव्या हातानं जेवतात गो. नि त्यांना कोन बोलत नाय.” बाजूच्या बाया तोंडात पदर धरून हसायच्या. मी जेवताना डावा हात पुढे केला की आय म्हणायची, “झाली शिनेमावाली.”

आय दुसऱ्यांच्या बागायतीत पाणी शिंपायची. तिने मला वसतिगृहात ठेवलं, शिकवलं, कॉलेजला मुंबईला पाठवलं. तिथे मी सिनेमे पुढून पाहिले. पण तो दिव्याचा सिनेमा पुन्हा कधी पुढून पाहायला मिळाला नाही. माझ्या डोळ्यांत तो जसा होता तसाच राहिला. चूक एवढीच.

काही दिवसांनी सुलभाताईंनी मला घरी चहाला बोलावलं. चांगले कप काढले.

“शेजारच्या तुमच्या गावासाठी कॉलनीच्या मैदानात एक खेळ लावतोय,” त्या म्हणाल्या. “साहेबांची इच्छा आहे. संबंध चांगले राहतात. पडदा मैदानाच्या मधोमध उभारू. दोन्ही बाजूंनी दिसेल. परवा तुमच्यामुळेच सुचलं बघा.”

“मागे कोण बसणार?”

“तुमच्या वस्तीतले. त्यांना सवय आहे ना. गावातल्या इतर मंडळींनी आधीच विचारलंय, बसायची व्यवस्था कशी म्हणून. तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत सांगा, म्हणजे वाईट वाटणार नाही. पुण्याला नाव तुमचंच पाठवतेय मी.”

“मी नाही सांगणार.”

त्या रागावल्या नाहीत. बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

“मग वॉचमन सांगेल. तो कसा सांगतो ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईंचं वेगळं. त्या तुमच्याशेजारी पुढे बसतील.”

मी चहा तसाच ठेवून उठले. तिथून सरळ वस्तीवर गेले. खेळाची बातमी माझ्या आधी पोचली होती. आयने ठेवणीतलं लुगडं दोरीवर वाऱ्याला टाकलं होतं.

“आय, तू येऊ नकोस,” मी म्हणाले.

“कां गो?”

“बसायला बरी जागा नाय.”

ती हसली. शेजारणींकडे वळून म्हणाली, “ऐकलं का? जागेचं सांगते मला. माजी पोरगी कलबात हाय. मी तर खुर्चीवर बसनार.”

पुढचं मी तिला सांगितलं नाही.

खेळाच्या दिवशी दिवेलागणीला मी मैदानाच्या पुढच्या बाजूला उभी होते. डांबरी रस्त्याने आमची माणसं येताना दिसत होती. काखेत चटया, कडेवर पोरं, थट्टामस्करी. सगळ्यांत पुढे आय, त्या लुगड्यात.

क्लबात शिकवलं होतं: पात्राला माहीत नसतं, प्रेक्षकाला माहीत असतं, आणि प्रेक्षक ओरडला तरी पात्राला ऐकू जात नाही. याला म्हणतात सस्पेन्स. मी पुस्तकात त्याखाली रेघ मारली होती. आता माझी आय रस्त्याने चालत येत होती.

वॉचमनने काठी आडवी धरली. “ए, इधर नहीं. पीछे. परदे के पीछे.”

ती वळली. सगळीच वळली. कुणी हुज्जत घातली नाही. कुणाचा चेहराही बदलला नाही. काठी पाहून गुरं वळतात तशी माझी माणसं वळली, आणि ते इतक्या सहज झालं की माझ्या आतलं काहीतरी तिथेच मोडलं.

वळताना आयचे पाय मात्र क्षणभर थांबले. तिने माझ्या बाजूची रिकामी खुर्ची पाहिली. मी हाक मारली, “आय, इकडं ये. ही जागा तुझी.”

पुढचं सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागलं. बायका, साहेब, गावातली मंडळी. आयने आपल्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नको बाय,” ती म्हणाली. “तिकडं वारा हाय. बरं वाटतं.”

वारा नव्हता. पडदा सरळ लोंबत होता.

सिनेमा सुरू झाला. मला चित्र दिसेना. मी उठून मागे गेले आणि तिच्या चटईवर बसले. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल. तिने मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, “तू कशाला आलीस हितं? तुला शिकवली ती परत हितं बसाया?”

तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने मला कधी मारलं नव्हतं. ते मारणंच होतं.

पुढे बसले तर मी एकटी आत घेतलेली. मागे बसले तर तिने आयुष्य घालून मिळवलेलं मी मातीत मिळवलेलं. दोन्ही जागा दुसऱ्याच कुणीतरी आखलेल्या. पडद्याला मागची बाजू आहे तोवर मला बसायला जागाच नव्हती.

मी उभी राहिले. पडद्याला वळसा घालून पुढे आले आणि यंत्राच्या उजेडात जाऊन थांबले. माझी सावली पडदाभर पसरली. नायिका माझ्या पोलक्यावर बोलत राहिली.

“ओ बाई, बाजूला व्हा,” यंत्रावरचा माणूस म्हणाला.

“यंत्र वळवा,” मी म्हणाले. “ती सभागृहाची भिंत पांढरी आहे. दर महिन्याला तुम्ही आतल्या भिंतीवरच सिनेमा लावता. आजही भिंतीवर लावा. भिंतीच्या मागे कुणी बसू शकत नाही. सगळे एकाच बाजूला बसतील.”

“प्लीज, सीन करू नका,” सुलभाताई इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाल्या. “घरी बोलू आपण.”

मी मराठीतच उत्तर दिलं, मोठ्याने, पडद्यामागे ऐकू जावं म्हणून. “यंत्र वळवा. नाहीतर मी इथून हलणार नाही.”

गावातला एक म्हातारा खुर्चीतून बोलला, “पैल्यापास्नं असंच हाय. कोनाला तरास नव्हता.”

“मला होता,” मी म्हणाले.

यंत्र वळलं नाही. बंद झालं. सुलभाताईंनी खूण केली, मैदानातले दिवे लागले आणि खेळ रद्द झाल्याचं जाहीर झालं. माझ्यामुळे, हेही जाहीर झालं.

पडद्यामागे लोक चटया गुंडाळू लागले. पोरं रडत होती. आमच्या वस्तीतली एक बाई, जिने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, जवळून जाताना म्हणाली, “तुज्यापायी शिनेमा गेला गो. काय भेटलं तुला?”

सभागृहातलं ते हसणं मी विसरू शकते. हे विसरू शकत नाही.

आय पुढे चालत होती. मी कॉलनीच्या फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. फाटकात ती थांबली. “उद्या शालेत जा,” म्हणाली. “नोकरी सोडू नको.” एवढंच. मग अंधारात बाकीच्यांबरोबर निघून गेली.

पुण्याला दुसऱ्याचं नाव गेलं. क्लबमधून माझं नाव मीच काढलं. शाळेने मला ठेवलं, कारण इंग्रजीला दुसरी बाई मिळत नव्हती. कॉलनीने गावासाठी पुन्हा कधी सिनेमा लावला नाही. आमच्या वस्तीतल्या बायका पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलायच्या.

आय वस्तीत टीव्ही यायच्या आधीच गेली. पडदा पुढून कसा दिसतो, ते तिने पाहिलं नाही. मी तिला मुंबईला नेणार होते, चांगल्या थिएटरात, मधल्या रांगेत. आज नेऊ, उद्या नेऊ म्हणत राहिले, आणि तिने अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत मी तिला त्या संध्याकाळबद्दल विचारलं. ती म्हणाली, “चांगला होता शिनेमा. अर्धाच झाला.”

तुमचे आजोबा मला म्हणायचे, तेवढा खेळ होऊ द्यायचा होतास. म्हातारीने मागून का होईना, पाहिला असता. ते चांगुलपणाने बोलायचे. त्यावर मी इतकी वर्षं विचार केला आहे. बाईमाणूस म्हणून केला, शिक्षिका म्हणून केला, तिची लेक म्हणून केला.

तिचा शेवटचा सिनेमा मी बंद पाडला. तसा पडदा पुन्हा कुठे उभा राहिला, तर पुन्हा उजेडात जाऊन उभी राहीन. पुन्हा बंद पाडीन. मागे माझी आय बसलेली असली तरी.