लॅम्बर्टच्या पाट्या

आयोवाच्या त्या टापूत लॅम्बर्ट होलुबइतका हट्टी मकेवाला दुसरा नव्हता. खोडकिड्याला मारणारं जनुक घातलेलं नवं बियाणं शेजारचा वेंडेल क्रूस विकू लागला, तेव्हा हा म्हणाला, "माझं नेहमीचंच बी सरस. एकाच वावरात दोन्ही पेरून दाखवतो." सोसायटीत सकाळी कॉफीला जमणारे अकराजण म्हणाले, "दाखव. तू सांगशील तेच बी पुढच्या साली आम्ही घेऊ." झालं, म्हाताऱ्याचा शब्द पणाला लागला.

पेरणीयंत्राच्या डाव्या चार पेट्यांत जुनं बी, उजव्या चारांत नवं. पेरून झाल्यावर लॅम्बर्टने बांधावर दर चार ओळींच्या पट्ट्यासमोर एकेक पाटी ठोकली: जुनं, नवं, जुनं, नवं.

‘जुनं’ लिहिलेल्या तिसऱ्या पट्ट्यातला मका असा काही माजला, की लॅम्बर्ट रोज तिथलं एक कणीस खिशात घालून कॉफीला जायचा. "हात लाव वेंडेल, लाजू नकोस. सापडतंय कुठं किड्याचं भोक?"

वेंडेल बिचारा कॉफी ढवळायचा.

कापणीच्या आदल्या दुपारी बायको इर्मा कोलाचे, म्हणजे मधे गोड सारण भरलेले गोल पाव, भाजत होती. ट्रेच्या एका बाजूला खसखशीचे, दुसऱ्या बाजूला आलुबुखाऱ्याचे. निम्म्यात तिने ट्रे फिरवला आणि थबकली.

"काय रे, वावराच्या टोकाला यंत्र वळवलंस, तेव्हा डाव्या पेट्या कुठल्या अंगाला गेल्या?"

"डावीकडेच."

"तुझ्या डावीकडे. वावराच्या?"

लॅम्बर्टने ट्रेकडे पाहिलं, सुरी उचलली आणि तडक शेत गाठलं. तिसऱ्या पट्ट्यातलं मक्याचं ताट उभं चिरलं: आत स्वच्छ. चौथ्यातलं चिरलं: पोखरलेलं. परत येताना नवं बी आधीच्या नव्याच्या शेजारीच पडलं होतं. दोन पट्टे नव्याचे, मग दोन जुन्याचे. पाट्या निम्म्या खोट्या.

"उद्या गप्प बसलास तर कुणाला कळणार नाही," इर्मा म्हणाली.

"अकराजण बी घेणार आहेत माझ्या भरवशावर."

सकाळी त्याने सोसायटीत उभं राहून सगळं सांगितलं. टेबलाभोवती माणसं पोट धरून हसली. वेंडेल डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे उन्हाळाभर माझंच कणीस माझ्या नाकासमोर नाचवत होतास? इतका चांगला विक्रेता मला पगार देऊनही मिळाला नसता."

"हसून घे. पण चल माझ्याबरोबर, पाट्या उपटायला दोन माणसं लागतील."

दुपारी कापणी होऊन मका तोलायची गाडी आली. नवा मका एकरी नऊ बुशेल पुढे निघाला. सोसायटीच्या फळ्यावर दोन्ही आकडे लॅम्बर्टनेच खडूने लिहिले. जुन्याचा जरा मोठ्या अक्षरात.