अक्कांची पट्टी

स्पिरिटचा वास आला की मला पारोळ्याजवळच्या शाळेत भरलेलं आमच्या मिशन दवाखान्याचं नेत्रशिबिर आठवतं. मी नवखी नर्स होते. मोतीबिंदू काढलेल्या एका अक्कांचा दुसरा डोळा आधीच गेला होता. त्यांची पट्टी सोडली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे मी लगेच डोळे मिटले. "प्रभू, यांना दिसू दे," असं कितीदा म्हटलं कोण जाणे.

तेवढ्यात खरखरीत बोटांनी कुणी माझी हनुवटी वर उचलली. "बाई, माले बठ्ठं दिखस! तू डोया झाकीसन काब बठनी?" मला सगळं दिसतंय, मग तूच का डोळे मिटून बसलीस, असं अक्का विचारत होत्या.

वर्गखोलीतले सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. मी लाजून चूर झाले. आज वाटतं, उत्तर समोर हसत बसलं होतं आणि मी आपली मागतच होते. त्या दिवसापासून मी प्रार्थना उघड्या डोळ्यांनीच करते.