आईची घागर

माझी नात डॉक्टर आहे. परवा ती स्वमग्नता समजावून सांगत होती आणि मला उदगीरचा एक माणूस आठवला.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात मी तिथं कारकून होतो. गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. त्याआधी बायामाणसं घागरी रांगेत लावून कामाला जायची, आणि चाळिशीचा हा गडी बोटं चाळवत रांगेपाशी उभा राहायचा. तो कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाही, बोलायचा नाही. पण कुठली घागर कुणाच्या मागं आली, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. सरकारी मिजाशीत मी एकदा माझी घागर पुढं सरकवली. त्यानं ती मुकाट्यानं उचलून परत तिच्या जागी ठेवली.

नातीला मी विचारलं, "त्यात स्वमग्नता किती आणि स्वभाव किती?" ती म्हणाली, "त्याचं अजून सांगा."

एकदा त्याची म्हातारी आई उशिरा आली. तिची घागर त्यानं सगळ्यांत शेवटी लावली.

"आईची तरी पुढं घ्यायची," मी म्हणालो.

म्हातारी खुदकन हसली. "घेतली असती तर मी लई भ्याले असते, सायेब. वाटलं असतं, माझ्या लेकराला आज काय झालं?"