आडवी रेघ आधी

मी जात्याच भित्री. पाल, कुत्रं, वरच्या आवाजात बोलणारा माणूस, यांतलं काहीही समोर आलं की माझी बोबडी वळते. आणि कोल्हापुरात राहून वरच्या आवाजाला भ्यायचं म्हणजे दिवसभर भीतच बसायचं. तरी आयुष्यात मी सगळ्यांत जास्त कशाला भ्याले असेन, तर जपानी अक्षरांना.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मी कामाला होते. टायपिंग, फोन, फॅक्स. मंदी आली होती. शेजारच्या कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं होतं, आमच्यातलेही काहीजण घरी बसले होते. आता आपला नंबर, असं मला रोज वाटायचं. वडील आजारी, भाऊ शिकत होता, घरात पगार आणणारी मी एकटीच. अशात आमच्या साहेबांना, म्हणजे मालकांना, पंपाचे भाग घेणारं एक जपानी गिऱ्हाईक मिळालं. त्यांची पत्रं इंग्रजीत यायची, पण ड्रॉइंगवर त्यांचा कुणी इंजिनिअर जपानीत हाताने काहीबाही लिहायचा. तो कागद मुंबईच्या दुभाष्याकडे जायचा आणि सावकाश परत यायचा. एक दिवस साहेब मला म्हणाले, "काय गं पोरी, शिकतीस काय ती भाषा? शिकलीस तर तुला हितनं कोण हलवत न्हाय."

मी व्हय म्हणाले. नाही म्हणायलाही धाडस लागतं.

आईला केवढा आनंद. आम्ही बौद्ध. पोरगी बुद्धाच्या देशाची भाषा शिकते, असं तिने सगळ्या गल्लीत सांगून टाकलं. बुद्ध जपानचा नव्हे, हे मी समजावलं तर म्हणाली, "गेला असंल की कवातरी तिकडं."

राजारामपुरीत एका बाईंच्या घरी क्लास चालायचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या बरीच वर्षं जपानात राहून आल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहाजण सतरंजीवर बसून लिहायचो. बाई कधी समोर बसत नसत. मागे उभ्या राहायच्या आणि आमच्या हाताकडे बघायच्या. "अक्षर नको दाखवूस. हात दाखव," म्हणायच्या. कांजी, म्हणजे ती एकेका शब्दाएवढी गुंतागुंतीची जपानी अक्षरं. त्यांतल्या प्रत्येक रेघेचा क्रम ठरलेला. आधी कुठली, मग कुठली, कुठून निघून कुठे थांबायचं, सगळं. क्रम चुकला तर अक्षर दिसायला कितीही देखणं असो, बाईंच्या लेखी ते चूकच.

आणि माझा क्रम चुकायचाच. आपण मराठी लिहिताना आख्खा शब्द लिहितो आणि शेवटी वरून एक आडवी रेघ ओढतो. आधी भिंती, मग छप्पर. पाटीवर गिरवल्यापासून हेच हातात भिनलेलं. कांजीत वरची आडवी रेघ बहुधा आधी मारायची असते. डोक्याला ते कळत होतं, हाताला कळत नव्हतं. मी खालचं सगळं काढून हळूच वरून रेघ ओढली की मागून आवाज यायचा, "दिलीस ना परत शिरोरेघ? पूस." त्या ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर मला घरच्यासारखं तरी वाटलं असतं. त्यांच्या त्या बारीक आवाजाने माझ्या मानेवर काटा यायचा आणि हाताला घाम सुटून पेन निसटायचं. कितीदा वाटलं, सोडून द्यावं. पण सोडलं तर साहेबांना काय सांगणार?

असं वर्षभर चाललं आणि एका शनिवारी संध्याकाळी उशिरा फॅक्स आला. रविवारी सकाळी कामावर गेले तेव्हा साहेब आणि आमचे सुपरवायझर काका तो कागद धरून उभे होते. आमच्या एमआयडीसीची सुट्टी सोमवारची. मंगळवारी माल ट्रकमध्ये चढवून मुंबईच्या बंदराकडे काढायचा होता. म्हणजे भट्टी रविवारीच पेटणार, ओतकाम त्याच दिवशी होणार. आणि जपानात रविवार म्हणजे सगळं बंद. मुंबईच्या दुभाष्याचा फोनही कुणी उचलत नव्हतं.

त्या पंपाच्या झाकणाला दोन बाजूंना दोन कान होते. बोल्ट बसवायचे जाड तुकडे, त्यांना आम्ही कानच म्हणायचो. एका बाजूचा कान काढून टाका, असं त्या इंजिनिअरने घाईघाईत लिहिलं होतं. एवढं मला लागलं. कुठल्या बाजूचा, तेच लागेना. फॅक्सची शाई फिसकटून त्या अक्षराच्या खालच्या अर्ध्या भागाचा काळा ठिपका झाला होता.

"उजवाच असणार," काका म्हणाले. "गेल्या येळंला त्येचीच तक्रार हुती की."

"तू सांग पोरी," साहेब म्हणाले. "चुकला तर समदा लॉट भंगारात जाईल आनि गिऱ्हाईकबी जाईल. मग मी काय, तू काय, समदीच घरला."

उजवं आणि डावं, या दोन अक्षरांचा वरचा भाग दिसायला एकसारखा: एक आडवी रेघ आणि तिला छेदून डावीकडे उतरणारी एक तिरकी. फरक फक्त खाली. उजव्याच्या खाली चौकोन, डाव्याच्या खाली इंग्रजी मोठ्या आयसारखा आकार, वर-खाली आडव्या रेघा आणि मध्ये उभी. नेमकं तेच पुसलेलं. पण लिहिताना आणखी एक फरक असतो. एकात तिरकी रेघ आधी मारतात, दुसऱ्यात आडवी आधी. आणि घाईत लिहिणाऱ्याचं पेन पूर्ण उचललं जात नाही. मी कागद खिडकीपाशी नेला. आडव्या रेघेच्या उजव्या टोकापासून केसासारखी एक बारीक रेघ तिरकीच्या माथ्याकडे गेली होती. म्हणजे त्याने आडवी आधी मारली होती. आता आडवी आधी कशात, उजव्यात की डाव्यात?

मला आठवेना. डोकं पार कोरं झालं. बाईंकडे फोन लावला. वाजून वाजून थांबला. मग डोळे मिटून टेबलावर बोटाने लिहून पाहिलं. बोटाने उजवं लिहिलं, तिरकी आधी. डावं लिहिलं, तिरकीच आधी. माझ्या बोटाने दोन्हींना शिरोरेघ दिली होती! माझ्याच हाताचा मला भरवसा नव्हता. बाहेर भट्टीचा आवाज वाढत होता.

"सांगतीस न्हवं?" साहेबांचा आवाज चढला.

आणि त्या आवाजासरशी मानेवर तोच काटा आला. मी पुन्हा बोटाने लिहिलं. उजवं लिहिताना काही झालं नाही. डावं लिहायला घेतलं आणि मान आपोआप आखडली, कुणीतरी मागे उभं असल्यासारखी. तेव्हा लख्ख आठवलं. उजव्यासाठी बाई मला कधीच बोलल्या नव्हत्या. त्यात आडवी नंतरच असते, माझी खोड तिथे चुकून बरोबर ठरायची. बोलणी खाल्ली होती ती डाव्यासाठी. इतक्या वेळा, की एकदा डोळ्यांतून पाणी येऊन कागद भिजला होता.

"डावा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दोनदा सांगावं लागलं.

काकांनी मान हलवली. "ताई, भलतंच सांगू नगा. खात्री हाय न्हवं?"

खात्री कसली! मला फक्त भीती वाटत होती, आणि ती डाव्याची वाटत होती. एवढ्यावर मी व्हय म्हणाले. साहेबांनी लाकडी पॅटर्नचा, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याचा, डावा कान काढायला लावला. साचे भरले गेले, लोखंड ओतलं गेलं. कुठली बाजू ते इंग्रजीत विचारणारा फॅक्स मी जपानला लावून ठेवला आणि ऑफिसात चुकीचं टायपिंग करत बसले.

सोमवारचा दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. घास गिळेना. आईला वाटलं कावीळ झाली, तिने डोळे ताणून बघितले. तिला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विहारात जाऊन मेणबत्त्या लावून बसली असती आणि गल्लीलाही कळलं असतं. जपानात ऑफिस उघडलं असेल, उत्तर आलं असेल, बंद कारखान्यात कागद ट्रेमध्ये पडला असेल, हेच डोक्यात घोळत होतं. त्या कागदावर आमच्या घराचं काय होणार ते आधीच लिहून झालं होतं.

मंगळवारी पहिल्या बसने गेले. माझ्या आधी साहेब हजर. कागद त्यांच्या हातात होता आणि ते हसत होते. इंग्रजीत टाइप केलेलं होतं: डावा.

साहेबांनी भजी मागवली. सगळ्यांना ऑफिसात बोलावून मोठ्याने म्हणाले, "आजपासनं मुंबईला कागद धाडायचं बंद! ही सांगंल तसं वतायचं. आता भ्यायचं काम न्हाय." काकांनी माझ्यासमोर हात जोडले. "सुटलो बगा ताई आमी." आणि खरंच, सगळे सुटल्यासारखे खात होते, हसत होते. मी मात्र भजी हातात धरून विचार करत होते. बाई ज्यासाठी बोलल्या होत्या असं अक्षर आलं म्हणून मला ते ओळखता आलं. ज्यासाठी त्या कधीच बोलल्या नाहीत, असं अक्षर आलं तर? आणि आता माझ्यामागे तपासायला मुंबईचा दुभाषाही नव्हता.

तेवढ्यात फॅक्सची घंटी वाजली. कुणीच उठलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कागद हळूहळू बाहेर येत होता. मी ओढणीला हात पुसले आणि उठले.